जुन्या गाडीचा ब्लोअर बंद पडलाय? मोटर उतरवण्याआधी मीटर लावा

मुंबईत गाडीच्या हीटरचं काय काम, असं बरेच जण विचारतात. याचं उत्तर जुलैत मिळतं. बाहेर धो धो पाऊस, काचा वर केलेल्या, आत ओल्या कपड्यांतली चार माणसं आणि पायाशी निथळणाऱ्या छत्र्या. माहीम कॉजवे येईपर्यंत समोरची काच पांढरी झालेली असते. हल्लीच्या गाडीत एसी लावला की प्रश्न मिटतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या, एसी नसलेल्या गाडीत काच साफ ठेवायला हीटरच्या ब्लोअरशिवाय, म्हणजे हवा सोडणाऱ्या पंख्याशिवाय, दुसरं काही नसतं. तो बंद असेल तर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन गाडी चालवावी लागते. ते धोक्याचं आहे.

पावसाने काच गार पडते. आतल्या हवेत श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ असते, ती गार काचेला लागली की तिचं दव होतं. बाहेरची २६ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा हीटरमधून ४० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. अशी हवा काचेवरचं दव ओढून घेते. गाडीत उकडतं खरं, पण खिडकी दोन बोटं खाली ठेवली की सहन होतं आणि रस्ता स्वच्छ दिसतो.

दुसरा उपयोग घाटात होतो. खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकू लागला, तर हीटर पूर्ण उघडून ब्लोअर जोरात लावावा. इंजिनातल्या गरम पाण्याची थोडी उष्णता हीटरमधून बाहेर पडते आणि बऱ्याचदा काटा तिथेच थांबतो. गाडीत जणू दुसरा छोटा रेडिएटरच बसवलेला असतो. पण ब्लोअर फिरत नसेल तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

आपल्याकडे बनलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांना हीटर दिलेलाच नसे. मॉरिस मायनर, एमजी, जुन्या मर्सिडीज अशा गाड्यांत तो सापडतो. ज्यांनी नंतर डॅशबोर्डखाली टांगता एसी बसवून घेतला, त्यांच्याही ब्लोअरला पुढचं सगळं जसंच्या तसं लागू पडतं, कारण मोटर, पंखा आणि वायरिंग यांचे नियम तेच.

आधी सर्किट समजून घ्या

डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटखाली, फायरवॉलला (इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला) लागून एक पेटी असते. तिच्यात इंजिनाचं गरम पाणी खेळवणारा छोटा रेडिएटर, म्हणजे हीटर कोर, आणि त्याच्यावर हवा सोडणारा पंखा. पंखा बहुतेक वेळा पिंजऱ्यासारखा गोल, उभ्या पात्यांचा असतो. त्याला फिरवते ती १२ व्होल्टची साधी कार्बनवाली मोटर, म्हणजे फिरत्या भागाला घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून वीज घेणारी.

विजेचा रस्ता असा: बॅटरी, इग्निशन स्विच, फ्यूज, ब्लोअरचा स्विच, मग वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टन्स, मग मोटर. मोटरमधून वीज गाडीच्या बॉडीत जाते आणि बॉडीतून बॅटरीच्या दुसऱ्या टर्मिनलला परत येते. हा परतीचा रस्ता, म्हणजे अर्थिंग, लोक विसरतात. माझ्या मते जुन्या गाड्यांच्या विजेच्या तक्रारींत सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच.

एक फरक आधीच करून ठेवा. हवा येते पण गरम येत नाही, ही तक्रार वेगळी. तिचा संबंध पाण्याचा व्हॉल्व्ह, कोर किंवा पाण्यात अडकलेल्या हवेशी असतो. काचेवर तेलकट थर येत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर कोर गळतोय. कूलंटची वाफ काचेवर बसते आहे आणि ब्लोअर लावल्याने ती वाढेलच. इथे आपण फक्त हवा न येणं किंवा कमी येणं, एवढंच पाहतोय.

गॅरेजमध्ये गाडी नेली की पहिला निकाल ठरलेला असतो: "साहेब, मोटर गेली." आणि दुसरं वाक्य: "डायरेक्ट करून देऊ?" डायरेक्ट म्हणजे फ्यूज, स्विच सगळं टाळून बॅटरीपासून थेट वायर. पंखा फिरतो, मालक खूश होतो. पण त्या वायरला कुठेच फ्यूज नसतो. ती फायरवॉलच्या भोकाच्या कडेला घासून एक दिवस बॉडीला लागली, तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून वाहतो आणि वायरवरचं प्लास्टिक पेटतं. जुन्या गाडीत आग लागायला एवढं पुरे आहे. त्यामुळे कुणी कितीही आग्रह केला तरी डायरेक्ट करून घेऊ नका.

मोटर गेली हा निकालही बहुतेकदा घाईचा असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटर नवी मिळत नाही. मिळाली तर परदेशातून मागवावी लागते. उतरवताना डॅशबोर्डचं ठिसूळ प्लास्टिक तुटतं, कोरचे होज हलतात आणि गळू लागतात. म्हणून आधी मोजायचं, मगच हात घालायचा. त्यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर लागतो, लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळतो तो.

बारा व्होल्ट दिसतात, तरी पंखा का फिरत नाही

स्वतः तपासणारे बरेच जण इथेच अडकतात. मोटरच्या वायरवर मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे वीज येते आहे, म्हणजे मोटरच खराब, असा सरळ हिशोब ते करतात. पण हा हिशोब चुकू शकतो.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरची एकच तार शाबूत असली, सांधा गंजाने भरलेला असला, तरी मीटरपुरती वीज त्यातून आरामात येते आणि आकडा पूर्ण १२ दिसतो. मोटर जोडली की तिला पाच-सहा अँपियर हवे असतात. तेवढे त्या सांध्यातून जाऊ शकत नाहीत आणि व्होल्टेज तिथेच मरतं.

आकड्यांत पाहू. सोयीसाठी मोटरचा रेझिस्टन्स २ ओहम धरू. १२ व्होल्टवर ती ६ अँपियर घेईल. आता वाटेत एका गंजलेल्या सांध्याचा फक्त अर्धा ओहम आला. एकूण अडीच ओहम झाले, करंट ४.८ अँपियरवर आला. मोटरला मिळाले ९.६ व्होल्ट, आणि २.४ व्होल्ट सांध्यावर खर्च झाले. त्या सांध्यावर तयार होणारी उष्णता साडेअकरा वॅट, म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ निम्मी. ती एका छोट्याशा क्लिपमध्ये. फ्यूजचा डबा वितळलेला दिसतो, स्विचचा मागचा भाग तपकिरी पडतो, त्याचं कारण हे. फ्यूज मात्र शाबूत असतो, कारण करंट वाढलेला नसून कमी झालेला असतो.

म्हणून मोजणी पंखा चालू ठेवूनच करायची. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. ब्लोअर सगळ्यात वरच्या वेगावर. एक टोक बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टर्मिनलच्या खांबावर, म्हणजे क्लँपवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरं टोक मोटरला येणाऱ्या वायरच्या शेवटच्या जोडणीवर. मीटर जो आकडा दाखवेल, तेवढं व्होल्टेज वाटेत हरवलं. अर्धा व्होल्टपर्यंत चालतं. दीड-दोन व्होल्ट दिसले तर दोष वाटेत आहे.

मग दुसरी मोजणी: बॅटरीच्या अर्थच्या खांबापासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत, किंवा मोटरला अर्थची वेगळी वायर असेल तर तिच्या मोटरकडच्या टोकापर्यंत. इथे ०.२ व्होल्टच्या आत आकडा हवा. जास्त असेल तर अर्थिंग खराब.

कुठल्या बाजूला व्होल्टेज हरवतंय ते कळलं की ती बाजू निम्मी करत जा. बॅटरीपासून फ्यूजच्या अलीकडच्या टोकापर्यंत किती, पलीकडच्या टोकापर्यंत किती, स्विचच्या आत येणाऱ्या वायरपर्यंत किती, बाहेर जाणाऱ्यापर्यंत किती. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, त्यांच्या मध्ये दोष असतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि एकही स्क्रू न उघडता निम्म्याहून जास्त निदान होतं. मला या पद्धतीबद्दल विशेष आस्था आहे, कारण तिच्यात अंदाजाला जागाच नाही.

पंखा अजिबात फिरत नसेल, तर बहुधा करंट वाहत नसतो आणि ही मोजणी फसवते. अशा वेळी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये घालून दोन वायरी काढा आणि मोटरच्या जागी तो लावून बघा. बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो. लख्ख पेटला तर वाट बऱ्यापैकी धड आहे आणि संशय मोटरवर जातो. मिणमिणला तर वाटेतच खोट आहे.

जुन्या ब्रिटिश गाड्यांबद्दल एक इशारा. मॉरिस मायनर पॉझिटिव्ह अर्थची असते, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेलं. एमजीबी १९६७ च्या अखेरीपर्यंत तशीच होती, नंतर निगेटिव्ह अर्थ झाली. काम करण्याआधी बॅटरी काढताना नेहमी बॉडीला जोडलेलं टर्मिनल आधी काढायचं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते पॉझिटिव्ह असतं. सवयीने उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

मुंबईची हवा कुठे घाव घालते

इथे समुद्राची खारी हवा आहे, वर्षातले चार महिने ओल आहे. तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो आणि तो वायरच्या आवरणाखालून आत सरकत जातो. वरून वायर नवी दिसते. टोक सोलून पाहिलं तर आत काळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात डॅशबोर्डपर्यंत बुडालेल्या गाड्या नंतर धुऊन, रंगवून विकल्या गेल्या. जुनी गाडी घेताना तिच्या हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, दोन-चार टोकं जरूर सोलून पाहा. काळी तार सोल्डर धरत नाही. चांगला तांबडा भाग येईपर्यंत ती कापावी आणि मधे नवा तुकडा जोडावा.

फ्यूजबद्दल थोडं. मर्सिडीज आणि जुन्या युरोपीय गाड्यांत निमुळत्या टोकांचे चिनीमातीचे फ्यूज असतात. पांढरा ८ अँपियरचा, लाल १६ चा, निळा २५ चा. त्यांची टोकं आणि क्लिप यांच्यावर थर जमतो, फ्यूज न उडताही वीज अडते. फ्यूज जागच्या जागी दोन-चार वेळा बोटाने फिरवला आणि पंखा सुरू झाला, तर दोष सापडलाच. मग क्लिप बारीक पॉलिश पेपरने घासा, जरा आत दाबा, नवा फ्यूज घाला. लुकासचं वायरिंग असलेल्या ब्रिटिश गाड्यांत काचेचा ३५ अँपियरचा फ्यूज असतो. त्याचा अर्थ तो ३५ ला वितळतो आणि सतत १७ अँपियर सोसतो. आज बाजारात ३५ लिहिलेला जो फ्यूज मिळतो, तो बहुधा सतत ३५ अँपियर सोसणारा असतो. तो घातला तर वायर आधी जळेल, फ्यूज नंतर. तिथे १५ ते २० चा घालणं योग्य.

अर्थिंगच्या बाबतीत एक गोष्ट फार दिसते, विशेषतः प्रेमाने रिस्टोअर केलेल्या गाड्यांत. डेंटिंग-पेंटिंग होतं, बॉडीला प्रायमर आणि रंगाचे पाच-सहा थर चढतात, आणि अर्थिंगचा स्क्रू त्याच रंगावर परत आवळला जातो. रंग वीज जाऊ देत नाही. स्क्रूचे आटे तेवढे पत्र्याला टेकतात, त्यावर काही महिने गाडं चालतं, मग तिथेही गंज येतो. दादरच्या एका मित्राच्या मायनरमध्ये नेमकं हेच पाहिलं. रंगकाम इतकं सुरेख की फायरवॉलमध्ये चेहरा दिसावा. ब्लोअर मात्र दमल्यासारखा फिरायचा, आणि वायपर लावला की आणखी मंद. वायपर लावल्यावर मंद होतो, हीच खूण होती. दोघांचा परतीचा रस्ता एकच. बॅटरीचा खांब ते मोटरचं अंग, मीटरवर दोन व्होल्टच्या वर आकडा. थिंबलखालचा, म्हणजे वायरच्या टोकावरच्या धातूच्या कडीखालचा, नाण्याएवढा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. पंख्याचा आवाज तिथल्या तिथे बदलला. मोटरला कुणी हातही लावला नाही.

स्विचचे कॉन्टॅक्ट जळलेले निघाले तर साफ करता येतात, पण पुन्हा जळतील. सगळा करंट त्या छोट्या स्विचमधून जाऊ नये म्हणून रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवणं चांगलं. बॅटरीपासून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० नंबरच्या पिनला वायर, ८७ वरून मोटर, ८६ ला जुन्या स्विचची वायर, ८५ अर्थला. रिले दिसणार नाही अशा जागी लपवता येतो, गाडीचं मूळ रूप बिघडत नाही. यातही फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा.

रेझिस्टन्सचा दोष ओळखायला सगळ्यात सोपा. पंखा फक्त वरच्या वेगावर चालतो आणि खालचे वेग मेलेले, तर रेझिस्टन्स जळला आहे, कारण वरच्या वेगाला वीज त्याला टाळून सरळ जाते. याउलट खालचे वेग चालतात आणि फक्त वरचा नाही, तर स्विचचा तो कॉन्टॅक्ट किंवा त्याची वायर. रेझिस्टन्सची तार मुद्दाम हवेच्या झोतात ठेवलेली असते, वाहत्या हवेने ती गार राहावी म्हणून. त्यामुळे तो वारंवार जळत असेल तर नवा घालण्याआधी हवा कुठे अडते ते शोधा.

आवाज आणि करंट

डीसी करंट मोजणारा क्लँप मीटर असेल तर आणखी बरंच कळतं. पंखा मंद आणि करंट कमी, म्हणजे व्होल्टेज वाटेत हरवतंय. वर सांगितलेली मोजणी करा. पंखा मंद आणि करंट जास्त, म्हणजे मोटर जड झाली आहे: बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) सुकले, पंखा पेटीला घासतो, किंवा आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, तारा आतल्या आत शॉर्ट आहेत. सुरू करताना दर वेळी फ्यूज उडत असेल तर हीच शक्यता, कारण अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते.

तिसरी अवस्था लोकांना चकवते. मोटर जोरात, किंबहुना नेहमीपेक्षा चढ्या आवाजात फिरते, करंट कमी, आणि हवा येत नाही. पिंजऱ्याच्या पंख्याला हवाच मिळाली नाही तर त्याच्यावर काम कमी पडतं आणि तो अधिक वेगाने फिरतो. असं झालं की मोटर आणि वायरिंग दोन्ही ठणठणीत आहेत. हवेची वाट तुंबली आहे, किंवा पंखा शाफ्टवर सैल होऊन नुसता शाफ्टच फिरतो आहे.

पोलॅरिटी बदलून घेतलेल्या गाड्यांत आणखी एक प्रकार होतो. पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतली आणि ब्लोअर मंद हवा देऊ लागला. मोटरमध्ये कायमचं लोहचुंबक असेल तर वायर उलटी झाली की ती उलटी फिरते. पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरूनही हवा त्याच बाजूला ढकलतो, फक्त फार कमी. त्यामुळे उलटं फिरतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. अशा मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करायची; मात्र एक बाजू मोटरच्या अंगालाच जोडलेली असेल तर आधी ती वेगळी करावी लागेल. ज्या मोटरमध्ये चुंबकाऐवजी फिल्ड कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते, तिला पोलॅरिटीचा फरक पडत नाही.

मोटर उघडायचीच असेल तर

सगळी मोजणी झाली, मोटरच्या टोकांवर स्विच चालू असताना पुरेसं व्होल्टेज आहे, तरी ती फिरत नाही, तेव्हाच मोटरकडे वळा. बॅटरीपासून १० अँपियरचा फ्यूज घातलेली वायर थेट मोटरला लावून बघा, अर्थही वेगळ्या वायरने. ही फक्त परीक्षा, दुरुस्ती नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या अंगावर हलकं ठोकल्यावर सुरू होत असेल, तर कार्बन झिजले आहेत किंवा आपल्या खाचेत अडकले आहेत. बरीचशी मेलेली मोटर म्हणजे एवढंच असतं.

हाताने पंखा फिरवून बघा. सोडल्यावर तो थोडा वेळ फिरत राहायला हवा. चुंबकाच्या मोटरीत बारीक अडखळल्यासारखं जाणवतं, ते नैसर्गिक. जड लागला किंवा करकरला तर बुश कोरडे. हे बुश सच्छिद्र कांस्याचे असतात आणि तेल पोटात धरून ठेवतात. त्यांना गरम केलेल्या पातळ मशीन ऑइलमध्ये काही तास बुडवून ठेवलं की ते तेल पुन्हा शोषतात. गंज सोडवायचा स्प्रे मारून काम भागवू नका. तो उरलंसुरलं तेल धुऊन काढतो, दोन दिवस आवाज बंद होतो आणि मग बुश आणखी लवकर झिजतात.

मोटर उघडण्याआधी झाकण आणि अंग यांच्यावर मार्करने एक रेघ ओढा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. आत कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, तपकिरी, तुळतुळीत असेल तर त्याला हात लावू नका. काळा आणि खडबडीत असेल तर अगदी बारीक काच-कागदाने घासा. एमरी वापरू नये, तिचे कण तांब्यात रुततात. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा कार्बनच्या भुकटीने भरलेल्या असतात, त्या टोकदार काडीने साफ करा.

नवे कार्बन आणताना सगळ्यात जास्त चूक होते. मिक्सर किंवा ड्रिलचा थोडा मोठा कार्बन आणून घासून बसवण्याची पद्धत आहे. मापात तो बसतो, पण जात वेगळी. २३० व्होल्टच्या यंत्राचा कार्बन स्वतःच बराच रेझिस्टन्स बाळगतो. २३० मधले एक-दोन व्होल्ट गेले तर कुणाला कळत नाही. १२ मधले दोन गेले तर पंखा लंगडतो. १२ व्होल्टच्या मोटरला तांबं मिसळलेला कार्बन लागतो, रंगात जरा लालसर. गाडीच्या डायनामो-सेल्फचं काम करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो मिळतो. त्यांना सांगायचं, "दादा, सेल्फच्या कार्बनसारखा तांब्याचा द्या, घासून मी बसवतो." खाचेत तो सहज सरकला पाहिजे आणि स्प्रिंगने पुढे यायला हवा.

आर्मेचरच जळलं असेल, उघडल्यावर करपल्याचा वास आला, तर रिवाइंडिंग करून देणारे कारागीर मुंबईत अजून आहेत. पूर्ण मोटर हवी असेल तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तिथे जाताना जुनी मोटर सोबत न्या. शाफ्टची जाडी, बोल्टमधलं अंतर, फिरण्याची दिशा आणि मोटरचा व्यास या चार गोष्टी जुळल्या की दुसऱ्या गाडीची मोटरही चालते. विकत घेण्याआधी दुकानातल्या बॅटरीवर फिरवून घ्या, आणि निदान पाच मिनिटं फिरू द्या. गरम झाल्यावर जाम होणाऱ्या मोटरी पहिल्या मिनिटात ओळखू येत नाहीत.

पानं, फुलं आणि उंदीर

ब्लोअरला हवा मिळते ती वायपरच्या खालच्या जाळीतून. मुंबईत गाडी झाडाखाली लावायला मिळणं हे भाग्य समजतात, पण एप्रिल-मेमध्ये सोनमोहराची पिवळी फुलं आणि झाडांची बारीक पानं त्या जाळीतून आत जातात. तिथून पाणी बाहेर जायला खाली भोक किंवा रबरी नळी असते. पाला कुजून ती बुजते. पहिल्या मोठ्या पावसात पाणी साठतं आणि सरळ हीटरच्या पेटीत उतरतं. मोटर गंजते, गालिचे ओले होतात, काही काळाने फरशीचा पत्राही सडतो. पुढच्या सीटखालचा गालिचा सतत ओला लागत असेल तर छताचं रबर बदलण्याआधी ही नळी बघा.

उंदीर पेटीत घरटं करतात. कागद, कापूस, सीटचा काथ्या सगळं आत नेतात आणि वायरही कुरतडतात. घरटं काढताना हातमोजे आणि मास्क हवाच. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पावसाळ्यात मुंबईत त्याचे रुग्ण दर वर्षी असतात. तो कचरा कोरडा झटकू नका. आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून ओला करा, मग उचला. आणि पेटी साफ होईपर्यंत ब्लोअर लावूच नका, नाहीतर सगळं आपल्या नाकातोंडात येईल.

जाळीखाली आतून बारीक स्टीलची जाळी बसवली तर पाला आणि उंदीर दोन्ही थांबतात. फार बारीक मात्र नको, हवा अडेल. डासांच्या जाळीपेक्षा मोठी घरं हवीत.

पेटी परत बसवताना जुना स्पंज कुजलेला असतो, तो काढून नवा लावा. फ्लॅप नीट बंद होत नसेल तर निम्मी हवा काचेऐवजी पायाशी जाते आणि मोटर बिचारी निष्कारण बदनाम होते. मोटरला पेटीच्या बाहेरून हवा देणारी छोटी रबरी नळी काही गाड्यांत असते, ती विसरू नका. मोटर तिच्यामुळेच गार राहते. सगळं जोडून झालं की डॅशबोर्ड बंद करण्याआधी वायपरखालच्या जाळीवर तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते चाकाच्या मागे किंवा बॉनेटखाली जमिनीवर पडायला हवं. आत एक थेंबही आला तर नळी पुन्हा साफ करा, आणि हे काम मे संपायच्या आत उरका.